नकली लाकूड, अस्सल डॅशबोर्ड

व्हिंटेज कारच्या रॅलीत एक गोष्ट हमखास दिसते. गर्दी आधी बॉनेटभोवती जमते, मग हेडलाइटबरोबर फोटो होतात आणि शेवटी कोणीतरी काचेला नाक लावून आत डोकावतं. आतला डॅशबोर्ड आरशासारखा चमकत असतो. लगेच उद्गार येतो, "व्वा, काय मेन्टेन केलीय! अगदी ओरिजिनल!" आता गंमत अशी की ऐंशी वर्षांपूर्वी फॅक्टरीतून निघताना तो डॅशबोर्ड बहुधा एवढा चमकत नव्हता. आपण ज्याला ओरिजिनल म्हणून दाद देतो ती मागच्या दोन-चार वर्षांतली एखाद्या पेन्टरची करामत असू शकते. आणि खरा ओरिजिनल थर? तो पॉलिश पेपरने घासून कधीच कचऱ्यात गेलेला असतो.

इंजिनाचा पिस्टन बदलता येतो, गिअर नवीन कापता येतो. पण मूळ रंगाचा थर एकदा गेला की गेला. त्यामुळे हे काम हातात घेताना 'चकचकीत कसं करू?' हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न, 'समोर आहे ते नक्की काय आहे?' मटेरियल सायन्स आपण फक्त सबमिशनपुरतं वाचतो, पण या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडतं.

१. डॅशबोर्ड हा शब्द आला कुठून?

इंग्रजीत 'डॅश' म्हणजे जोरात उडणं, आपटणं. घोडागाडीत हाकणाऱ्याच्या समोर एक फळी असायची. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून ती लावलेली. हाच मूळ डॅशबोर्ड! पुढे घोडा गेला, इंजिन आलं, पण फळी राहिली आणि तिच्यावर हळूहळू मीटर बसायला लागले. सुरुवातीच्या गाड्यांत ही फळी खरंच लाकडाची होती, कारण गाडीची बॉडीसुद्धा लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवलेली असायची.

१९३० च्या दशकात अमेरिकेत चित्र बदललं. मोठमोठ्या प्रेसमध्ये पत्रा दाबून पूर्ण स्टीलची बॉडी काढणं स्वस्त पडायला लागलं. डॅशबोर्डही प्रेसमधून निघू लागला. एका फटक्यात गोलाई, मीटरची भोकं, ग्लव्हबॉक्सची जागा सगळं तयार. लाकडाचं तसं नाही. ते निवडा, कापा, घासा, पॉलिश करा. प्रत्येक तुकड्यामागे कारागिराचे तास जातात.

पण गिऱ्हाईकाच्या मनात लाकूड म्हणजे श्रीमंती हे समीकरण पक्कं होतं. मग कंपन्यांनी स्टीललाच लाकडाचं सोंग दिलं.

२. हे सोंग कसं काढलं?

या पद्धतीला वुडग्रेनिंग म्हणतात. पॅकार्ड, ब्यूक, शेवरोले, फोर्ड अशा कंपन्यांच्या १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ती दिसते. खिडकीभोवतीच्या पट्ट्यांवरही हेच काम असायचं. पत्र्यापासून वर मोजत गेलो तर थर असे:

पहिला, गंज थांबवणारा प्रायमर. दुसरा, ग्राउंड कोट म्हणजे पिवळसर किंवा तपकिरी फिका रंग. लाकडाची 'कातडी' म्हणा ना. तिसरा, गडद तपकिरी शाईतल्या रेषा. आणि चौथा, सर्वांत वर पारदर्शक लॅकर.

यातली तिसरी पायरी सगळ्यात भारी. खऱ्या लाकडाच्या फोटोवरून धातूच्या प्लेटवर रेषा कोरून घ्यायच्या. प्लेटवर शाई पसरायची आणि पट्टीने वरची शाई ओढून काढायची, म्हणजे ती फक्त खाचांत उरते. मग मऊ रोलर प्लेटवरून फिरवून ते चित्र रोलरवर उचलायचं आणि रोलर डॅशबोर्डवर फिरवायचा. म्हणजे हे एक प्रकारचं प्रिंटिंगच झालं, फक्त कागदाच्या जागी वळणदार पत्रा!

हे सगळे थर मिळून जाडी साधारण ०.१ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा थरात गाडीचा सगळा थाट मावलेला असतो.

आपल्याकडेही या गाड्या आल्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला असेंब्ली प्लान्ट सुरू केला होता, तो १९५४ पर्यंत चालला. त्यामुळे जुनी शेवरोले महाराष्ट्रातल्या एखाद्या वाड्याच्या आवारात किंवा गॅरेजमध्ये सापडली तर नवल नाही.

३. ओरिजिनल म्हणजे नेमकं काय?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. मालकाला कळतं की आपला डॅशबोर्ड 'खोट्या' लाकडाचा आहे. मग तो म्हणतो, खर्च करतोच आहोत तर खरं अक्रोडाचं लाकूड लावू. त्या पत्र्यावर व्हिनिअर चिकटवलं जातं. दिसतं सुंदर, वाद नाही. पण त्या गाडीला खरं लाकूड कधी नव्हतंच! तिच्या बाबतीत नकली लाकूड हेच अस्सल आणि अस्सल लाकूड हेच नकली. उलटंही होतं. काही मॉडेल्सचा डॅशबोर्ड मुळात साध्या रंगाचा किंवा दोन रंगांचा होता. त्यावर हौसेने वुडग्रेन काढलं तर तेही चूकच.

जुन्या गाड्यांच्या क्लब्जची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, फिवा. स्थापना १९६६. या संस्थेने २०१२ साली 'ट्युरिन चार्टर' नावाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांचा सूर साधारण असा: आहे ते जपा, रिस्टोरेशन ही अपवादाची पायरी समजा, आणि काही बदललंत तर ते नंतर ओळखता यायला हवं. जुन्या गाडीवरचे वापराचे डागही तिच्या इतिहासाचा भाग मानले जातात. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या प्रसिद्ध प्रदर्शनातही, जे १९५० पासून भरतंय, न रंगवलेल्या, जपलेल्या गाड्यांसाठी आता वेगळा वर्ग असतो.

४. आधी ओळख, मग हात

समोरचा थर कोणता आहे हे डोळ्यांनी कळत नाही, सॉल्व्हंटने कळतं. त्यामागचं तत्त्व फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतलं आहे.

लॅकर वाळतो तेव्हा त्यातला थिनर फक्त उडून जातो. रासायनिक बदल होत नाही, त्यामुळे पुन्हा थिनर लावला की तो पुन्हा विरघळतो. एनॅमल वाळताना मात्र रेणू एकमेकांशी जोडले जाऊन जाळं तयार होतं. ते थिनरमध्ये विरघळत नाही. फार तर फुगतं, सुरकुततं. १९२० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला आणि गाडी रंगवायला लागणारे आठवडे काही दिवसांवर आले. जनरल मोटर्स लॅकरकडे वळली, फोर्डने भट्टीत भाजायचा एनॅमल धरून ठेवला. त्यामुळे गाडी कोणाची आहे यावरूनही अंदाज बांधता येतो.

टेस्ट करायची ती लपलेल्या जागी, म्हणजे ग्लव्हबॉक्सच्या झाकणामागे किंवा ॲशट्रेच्या खाली. इअरबड घ्या आणि सौम्यापासून कडकाकडे जा:

पाणी – फक्त मळ निघतो.
टर्पेंटाइन – जुनं वॅक्स आणि तेलकटपणा निघतो.
स्पिरिट – थर चिकट झाला तर तो लाखेचा असू शकतो. फर्निचर पॉलिशवाले ज्याला चपडा म्हणतात तोच.
थिनर – लगेच मऊ झाला आणि रंग इअरबडवर आला तर लॅकर. काहीच झालं नाही तर भाजलेला एनॅमल किंवा नंतर कोणीतरी मारलेला आधुनिक टू-पॅक कोट.

शेवटचा निकाल महत्त्वाचा. सन १९३८ ची लॅकरवाली गाडी आणि वरचा थर थिनरला दाद देत नाही, तर समजा की वरचं काम नंतरचं आहे. खाली मूळ थर अजून जिवंत असू शकतो!

५. थर खराब का होतो?

आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो ते हात लावणाऱ्याला माहीत आहे. एक मीटर लांबीचा डॅशबोर्ड घ्या. स्टीलचा प्रसरणांक अंशाला सुमारे १२ × १०⁻⁶. तापमान ५० अंशांनी बदललं तर पत्रा ०.६ मिलिमीटर वाढतो. लॅकरसारख्या पॉलिमरचा प्रसरणांक याच्या कित्येक पट असतो. पाच पट धरला तर त्याला ३ मिलिमीटर वाढायचं असतं, पण तो पत्र्याला चिकटलेला! दुपारी तो मऊ असतो म्हणून निभावतं. रात्री गार होताना तो जास्त आकसू बघतो, पत्रा त्याला आकसू देत नाही, आणि थरात ताण बसतो. त्यात वर्षानुवर्षं त्यातला प्लास्टिसायझर उडत गेलेला असतो आणि अल्ट्राव्हायोलेट किरणांनी तो पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो. मग बारीक भेगांचं जाळं दिसू लागतं. भेगेतून ओल शिरते, खाली गंज धरतो आणि पापुद्रा उचलला जातो.

म्हणून मूळ रंग बघायचा असेल तर वरचा भाग बघूच नका. मीटरच्या रिंगखाली, घड्याळाच्या मागे, जिथे ऊन पोचलं नाही तिथे बघा. खरी शेड तिथेच मिळते.

६. वाचवण्याचं काम

सगळ्यात आधी बॅटरी काढा. जुन्या गाड्यांत कापडी आवरणाच्या वायरी असतात आणि हात लागताच इन्सुलेशन गळून पडतं. शिवाय १९५५ पर्यंतच्या अमेरिकन फोर्ड ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. परत जोडताना आजच्या सवयीने उलटं जोडलंत तर धूर निघेल. प्रत्येक वायरला चिठ्ठी, प्रत्येक नॉबला वेगळी पिशवी, आणि काढण्याआधी दिवसाच्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो.

मग साफसफाई. मऊ ब्रशने धूळ, त्यानंतर डिस्टिल्ड पाण्यात थेंबभर सौम्य डिटर्जंट घालून इअरबडने एकेक इंच पुढे सरकायचं. म्युझियममधले तज्ज्ञ काही वेळा चक्क थुंकी वापरतात! हसू नका, थुंकीत एन्झाइम्स असतात आणि मळ काढायला ती खरोखर उपयोगी पडते. (मात्र लगेच पाण्याने पुसून घ्यायचं आणि तोंडात गेलेला बोळा परत वापरायचा नाही.) दुकानात मिळणारी सिलिकोनवाली डॅशबोर्ड पॉलिश लांब ठेवा. सिलिकोन भेगांत शिरतं आणि पुढे कधी रंग द्यायची वेळ आली तर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

पापुद्रा उडालेल्या जागेवरचा गंज लहान ब्लेडने खरवडायचा. गंज-कन्व्हर्टर वापरलात तर त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड आजूबाजूच्या रंगाला लागू देऊ नका. मग फक्त गेलेल्या जागेपुरता ग्राउंड कोट आणि बारीक ब्रशने रेषा जोडणं. शेजारच्या चांगल्या थरावर ब्रश चढवायचा मोह होतो, तो टाळायचा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात. वॅक्स पुढे कधीही टर्पेंटाइनने काढता येतं, म्हणजे उद्याच्या माणसाला मार्ग मोकळा राहतो.

हे सगळं करून डॅशबोर्ड नव्यासारखा दिसत नाही. तो जपलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो, आणि तसाच दिसायला हवा.

७. नव्याने करावंच लागलं तर

अर्ध्याहून जास्त थर गेला असेल किंवा पत्राच सडला असेल तर पर्याय नसतो. तेव्हा फॅक्टरीचीच पद्धत वापरायची. काही पथ्यं:

रेषांची दिशा आणि प्रकार आधी ट्रेस करून ठेवा. खिडकीच्या पट्ट्यांवर रेषा सहसा लांबीच्या दिशेने धावतात. ग्राउंड कोट असा हवा की ओली शाई चुकली तर सौम्य सॉल्व्हंटने पुसता यावी आणि तो स्वतः हलू नये. रोलर एकाच दिशेने, एकाच दाबाने. मध्ये थांबलात की तिथे पट्टा उमटणार. शाई पूर्ण वाळू द्या. वरचा पहिला लॅकर कोट धुक्याइतका हलका मारा, नाहीतर थिनरने शाई पसरते.

आणि पावसाळ्यात एन.सी. लॅकर मारू नका! थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल तर पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जातो, पाणी साचतं आणि थर दुधासारखा पांढरा होतो. याला ब्लशिंग म्हणतात. सायक्रोमेट्रिक चार्ट फक्त ओरलसाठी नसतो, तो हा असा उपयोगी पडतो. कोकणातल्या जुलैत कोणताही अनुभवी पॉलिशवाला हे काम पुढे ढकलतो, चार्ट न बघता.

टू-पॅक क्लिअर कोटची चमक खोल असते, पण ती त्या काळाची नाही, आणि तो परत काढणं महाकठीण. शेवटची सूचना: ग्लव्हबॉक्सच्या आत तळहाताएवढा मूळ थर तसाच सोडा. तो साक्षीदार. उद्या कोणाला आपलं काम तपासायचं असेल तर पुरावा जागेवर असेल.

८. खरं लाकूड असेल तर

ब्रिटिश गाड्यांची गोष्ट वेगळी. १९५९ साली आलेल्या जॅग्वार मार्क टू मध्ये खरं अक्रोडाचं व्हिनिअर आहे. अशा व्हिनिअरची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. मशिनने सँडिंग केलं की क्षणात खालचं प्लायवूड उघडं पडतं. म्हणून जुना वार्निश हाताने, स्क्रेपरने काढतात. शिवाय अशा कामात एकाच ओंडक्यातले लागोपाठचे काप पुस्तकाच्या पानांसारखे उघडून डावी-उजवी बाजू जुळवलेली असते. एक झाकण हरवलं तर दुसऱ्या गाडीचं झाकण बसेल, पण नक्षी जुळणार नाही.

आणि काही गाड्यांना लाकूड नाहीच. एमजीबीच्या १९६२ ते १९६७ च्या मॉडेलला सुरकुतलेला काळा रंग असायचा. या रंगात वरचा पापुद्रा आधी वाळतो, खालचा मागाहून, म्हणून सुरकुत्या पडतात. ती सुरकुती हाच तिथला फिनिश. घासून गुळगुळीत केलात तर संपलं!

९. सावधान

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. ओलं घासा, मास्क लावा, धूळ झाडू नका. नायट्रोसेल्युलोज भयंकर ज्वालाग्राही आहे, त्याचे बोळे कोपऱ्यात साठवू नका. टू-पॅकमधलं आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही जुन्या मीटर्सच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो. आता चमकत नाही म्हणून तो संपला असं समजू नका. चमकणारं झिंक सल्फाइड थकलेलं असतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षं आहे! असा मीटर उघडू नका, खरवडू नका. फिजिक्स लॅबमध्ये गायगर काउंटर असेल तर आधी तपासा.

१०. आपल्या गाड्या

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न झालेली गाडी यात बसते आणि तिला नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. लक्षात घ्या, या व्याख्येत डॅशबोर्डच्या थराचं नावही नाही. त्याला कायद्याचं संरक्षण नाही. तो वाचणार की जाणार हे मालक आणि त्याचा मेकॅनिक यांच्या समजेवर आहे.

आपल्या डॅशबोर्डवर अजून एक थर असतो, तो म्हणजे चिकटवलेला गणपती, साईबाबा, मुलाच्या नावाचा स्टिकर. तो काढायचा का? फॅक्टरीच्या हिशेबाने तो ओरिजिनल नाही. पण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीतून, जी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, तो गणपती काढून टाकला तर ती मुंबईची टॅक्सी राहील का? यावर हॉस्टेलमध्ये रात्रभर वाद घालता येईल. माझं मत, आधी फोटो काढा, गोंद कोणता आहे ते बघा आणि घाईने ओढू नका.

शेवटी एक सुचवणी. वर्कशॉपच्या स्क्रॅपमध्ये पत्र्याचे तुकडे पडलेलेच असतात. एकावर प्रायमर, ग्राउंड कोट आणि रेषा काढून बघा, दुसऱ्यावर एन.सी. लॅकर मारून अर्धा भाग गच्चीत उन्हात ठेवा आणि अर्धा झाका. सेमिस्टर संपेपर्यंत दोन्ही अर्ध्यांत काय फरक पडतो ते मोजा. मिनी प्रोजेक्टला विषय मिळेल, आणि पुढे कधी कोणाच्या आजोबांची गाडी समोर आली तर पॉलिश पेपर उचलण्याआधी हात आपोआप इअरबडकडे जाईल.